हे कशावरून?

शिराळा तालुक्यातल्या आमच्या गावात साप चावला असे कोणी म्हणत नाही, ‘पान लागलं’ म्हणतात. दिवेलागणीनंतर तर सापाचे नावही तोंडावर येऊ देत नाहीत, नुसते ‘जनावर’ म्हणतात. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास धरतात आणि दुसऱ्या दिवशी चिरणे-कापणे बंद ठेवतात. नागाला घरातले माणूस मानणाऱ्या या मुलखात हे शब्द भीतीतून आले की आदरातून, हे मला अजून वेगळे काढता आलेले नाही. माझे चुलते, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, पान लागलेल्या माणसाचे विष उतरवत. माणसाला पारावर बसवायचे, चावा असेल त्याच्या वर दोरी आवळायची आणि कडुलिंबाचा पाला चघळायला द्यायचा. पाला कडू लागला तर विष नाही, बेचव किंवा गोड लागला तर विष अंगात भिनले, अशी ही परीक्षा होती. मग निर्गुडीची डहाळी डोक्यापासून पायापर्यंत फिरवत, ओठातल्या ओठात मंत्र म्हणत, तात्या रात्र रात्र बसून राहत. या कामाचा त्यांनी कधी एक पैसा घेतला नाही, कारण पैसा घेतला की विद्या जाते असे त्यांच्या गुरूने सांगितले होते.

मी सांगलीच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. 1996 च्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेला गेलो असताना पारावर हाच विषय निघाला आणि मी तात्यांशी वाद घातला. माझ्याजवळ सगळी माहिती होती. विष रक्तात गेले की ते डहाळीने खाली येत नाही, आवळलेल्या दोरीने पाय सडू शकतो, मंत्राने जीव वाचत असते तर तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविषाच्या बाटल्या कशाला ठेवल्या असत्या, असे एकामागून एक मुद्दे मी मांडत गेलो. तीस-चाळीस माणसे ऐकत होती. तात्यांजवळ एकच उत्तर होते, “मी चाळीस वर्सं बगतोय.” शेवटी तेही संपले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि घरी निघून गेले. त्या दिवसापर्यंत ते मला घरच्या नावाने हाक मारत, अरे-तुरे करत. त्यानंतर मी त्यांच्यासाठी ‘मास्तर’ झालो आणि ‘तुम्ही’ झालो.

त्याच पावसाळ्यात गावातल्या एका शाळकरी मुलाला जमिनीवर झोपलेला असताना मध्यरात्री काहीतरी चावले. मण्यारीचा चावा बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि मग श्वास थांबतो. त्या मुलाला आधी पारावर नेले आणि उजाडेपर्यंत तिथेच बसवले. दवाखान्यात पोहोचण्याआधी तो गेला. गाव म्हणाले, फार उशिरा आणला. मी ज्यांच्यासमोर वाद जिंकला होतो, त्यांतली किमान दहा माणसे त्या रात्री पारावर हजर होती आणि त्यांतल्या एकालाही माझा एकही मुद्दा आठवला नव्हता. किंवा आठवला असेल, पण तात्यांचा अपमान करणाऱ्या पुतण्याचे म्हणणे म्हणून आठवला असेल. ही गोष्ट मी बरीच वर्षे कोणाला सांगू शकलो नाही.

पुढे शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले की तात्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाला मी पुरावा म्हणायलाही तयार नव्हतो, आणि तो पुरावा होता. त्याची जमवाजमव चुकली होती, एवढेच. महाराष्ट्रात सापांच्या पन्नासाच्या आसपास जाती आहेत. त्यांत माणसाच्या वाटेत वारंवार येणारे आणि जीव घेणारे प्रमुख साप चारच आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. ओढ्याकाठी दिवड चावते, गोठ्यात धामण चावते, भिंतीच्या फटीतला कवड्या साप चावतो. हे सगळे बिनविषारी, पण अंधारात माणसाला विषारी-बिनविषारीतला फरक दिसत नाही. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. कोरडा दंशही होतो. म्हणजे पारावर येणारी बरीचशी माणसे काहीही केले नसते तरी जगणारच होती. ती जगली, नारळ घेऊन तात्यांच्या पाया पडून गेली आणि तात्यांच्या मनातल्या हिशेबात जमा झाली. जे गेले त्यांच्यापुढे ‘उशीर झाला’ किंवा ‘पथ्य मोडलं’ असे कारण लिहिले गेले आणि ते हिशेबातून वगळले गेले. ज्या वहीत फक्त जमेची बाजू आहे, ती वही पाहून कोणताही शहाणा माणूस हाच निष्कर्ष काढेल. तात्यांच्या बुद्धीत खोट नव्हती. मी मात्र त्यांच्या बुद्धीवर बोललो आणि वहीबद्दल अवाक्षरही काढले नाही.

त्याच काळात शाळेत घडलेला एक प्रसंग मला याहून जास्त शिकवून गेला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते चमत्कारांची जी प्रात्यक्षिके दाखवत, त्यांतली काही मी वर्गात करून दाखवत असे. समिधांच्या ढिगात पोटॅशियम परमँगनेटची पूड लपवायची, वरून तूप म्हणून ग्लिसरीन सोडायचे आणि मंत्र म्हणत हात लांब ठेवायचा. थोड्या वेळाने धूर येतो आणि काडी न ओढता ज्वाला उठते. मुले टाळ्या वाजवत, मी रसायनशास्त्र समजावून सांगत असे आणि तास सार्थकी लागला असे मला वाटे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तुम्ही असं करून दाखवलं. पण आमच्या गावातले महाराज असंच करतात, हे कशावरून?” वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण तिचा प्रश्न बिनतोड होता. एखादी गोष्ट युक्तीने करता येते एवढे मी सिद्ध केले होते. ती प्रत्यक्षात युक्तीनेच केली गेली हे मी गृहीत धरले होते आणि मुलांनाही गृहीत धरायला लावत होतो. मी ते वर्गात कबूल केले. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले की महाराजांचे खरे-खोटे करायचे असेल तर समिधा आपण न्यायच्या, तूप आपल्या घरचे न्यायचे, जागा आपण झाडायची आणि मग पेटते का ते पाहायचे. त्या तासाला मुलांनी आपणहून शोधलेल्या अटी मी आधीच्या सगळ्या वर्षांत कधी शिकवल्या नव्हत्या. ‘कशावरून’ हा शब्द आपल्या भाषेत किती सहज आहे, भाजी घेतानाही आपण तो वापरतो, हेही मला तेव्हाच जाणवले.

सातारा-सांगलीच्या माणसाने या विषयावर लिहायचे म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांचा जन्म 1945 चा, साताऱ्याचा. कॉलेज सांगलीचे, वैद्यकीय शिक्षण मिरजेचे आणि कबड्डीच्या मैदानावरचे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले. 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाल्यावर ते एसटीने गावोगाव फिरत राहिले. त्यांच्या सभेत मला सर्वांत जास्त आवडे ती त्यांची संथ लय. समोरचा चिडून बोलला तरी ते त्याचे वाक्य पूर्ण होऊ देत, देवाधर्मावर घसरत नसत आणि शोषण कुठे होते आहे एवढ्यावरच बोट ठेवत. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. त्या दिवशी शाळेतून घरी येताना मी नदीकाठी बराच वेळ बसून होतो. एवढ्या सौम्यपणे विचारलेल्या प्रश्नाचीही कोणाला इतकी भीती वाटावी, हे आजही माझ्या गळी उतरत नाही.

त्याच्या पाच वर्षे आधी तात्यांच्या घरात एक गोष्ट घडली होती. 2008 साली गणपतीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. संध्याकाळी वैरण कापताना तात्यांच्या नातवाला घोणस चावली. साप त्याने स्वतः पाहिला होता. पाय भराभर सुजू लागला. तात्या निर्गुडी आणायला उठले आणि मी जीप आणायला. ‘मंत्र थांबवा’ असे मी म्हणालो नाही. मी म्हणालो, “तात्या, तुम्हीपण गाडीत बसा. वाटेत तुमचं चालू द्या, फक्त दोरी बांधू नका आणि पाय हलू देऊ नका.” ते बसले. साऱ्या वाटेने त्यांचा एक हात पोराच्या छातीवर होता. तो आवाज ऐकून पोरगा रडायचा थांबला आणि निपचित पडून राहिला. दंश झालेल्या माणसाला धीर देणे आणि तो अवयव स्थिर ठेवणे, हा प्रथमोपचाराचा भागच आहे. त्या बाबतीत तात्यांइतका निष्णात माणूस त्या जीपमध्ये दुसरा नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोराच्या हातातून थोडे रक्त काढले, ते एका कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घातले आणि नळी टेबलावर उभी करून सांगितले, “वीस मिनिटं हिला कोणी हात लावू नका.” तात्या त्या नळीसमोर उभे राहिले, बसा म्हटले तरी बसले नाहीत. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी अलगद आडवी केली. रक्त पाण्यासारखे काचेवरून वाहत गेले. ते गोठलेच नव्हते. घोणशीचे आणि फुरशाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती मोडते, नाग-मण्यारीच्या विषाचे या नळीत कळत नाही, त्यासाठी पापण्या आणि श्वास पाहावा लागतो, असे डॉक्टरांनी नीट समजावले आणि सलाईनमधून प्रतिविष सुरू केले. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून, त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिकारद्रव्यापासून हे औषध करतात आणि मुंबईच्या हाफकिनमध्येही ते बनते, हे मी तात्यांना सांगितले. घोड्यांचे ऐकून त्यांनी मान डोलावली, पण त्यांचे लक्ष नळीकडेच होते. सहा तासांनी पुन्हा रक्त काढले. या वेळी नळी आडवी केली तरी तळाचा लालभडक गोळा जागचा हलला नाही.

पहाटे व्हरांड्यात चहा पिताना तात्या म्हणाले, “ह्यो बी पालाच की.”

मी गप्प राहिलो. बारा वर्षांपूर्वीचा मी असतो तर पाला आणि नळी यांतला फरक त्यांना तिथल्या तिथे ऐकवला असता. थोड्या वेळाने त्यांनी आपणच विचारले, “पन मास्तर, पाला चुकतो का न्हाई, ते कसं कळायचं?”

हा प्रश्न मी त्यांना विचारला असता तर तो टोमणा झाला असता. तो त्यांचा त्यांना पडला, कारण परीक्षा म्हणजे काय हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होते. आयुष्यभर त्यांनी एक परीक्षा घेतली होती. आता तिच्या शेजारी दुसरी उभी राहिली होती आणि दोन्ही ताडून पाहण्याची त्यांना ओढ लागली होती. आम्ही एक दोनशे पानी वही आणली. तात्यांनी सांगायचे आणि बरा झालेल्या नातवाने लिहायचे, असे ठरले. रकाने तात्यांनीच पाडले: नाव, गाव, चावल्याची वेळ, जनावर दिसले का, पाला कसा लागला, नळीत रक्त गोठले का, पुढे काय झाले. ‘पुढे काय झाले’ या रकान्यासाठी ते काठी टेकत लोकांच्या घरी जाऊ लागले. आधी कधी कोणी गेले नव्हते. जगलेला आपणहून नारळ घेऊन येई आणि मेलेल्याच्या घरून कोणी येत नसे. दोन पावसाळे गेले. पाला कडू लागला असे सांगणाऱ्यांचे रक्त नळीत पातळ राहिले आणि धामण चावलेल्याला पाला बेचव लागला, अशा नोंदी शेजारी शेजारी दिसू लागल्या. घाबरून तोंडाला कोरड पडलेल्या माणसाच्या जिभेवर किती विसंबायचे, हे तात्या स्वतःच पारावर बोलले. तिसऱ्या वर्षी त्यांनी पाला देणे बंद केले. मंत्र बंद केला नाही, पण तो जीपमध्ये बसून, दवाखान्याच्या वाटेवर म्हणू लागले.

माझ्या काही मित्रांना हे पटले नाही. मंत्र चालू राहिला म्हणजे अर्धीच लढाई झाली, असे त्यांचे म्हणणे. मी ते समजू शकतो, तरीही मला ते मान्य नाही. दाभोलकरांच्या खुनानंतर चारच दिवसांनी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. कायद्यानेही बोट ठेवले आहे ते रोखण्यावर. तात्यांनी रोखणे सोडले होते, आणि ते कायद्याच्या आधी सोडले होते.

मात्र हा संयम सगळ्यांच्या बाबतीत ठेवता येत नाही, ठेवूही नये. फसलेला माणूस आणि फसवणारा माणूस या दोन वेगळ्या जाती आहेत. पैसे घेऊन कॅन्सरवर अंगारा देणाऱ्याशी रकाने पाडत बसण्यात अर्थ नसतो. तिथे तक्रार द्यावी लागते. आणि जिथे रूढीच्या नावाखाली माणसाचे माणूसपण नाकारले जात असते, तिथे कोणीतरी उघड, टोकदार बोलावेच लागते. कराडजवळच्या टेंभू गावात 1856 साली जन्मलेल्या आगरकरांनी ते केले आणि पुण्यात जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. त्यांच्यासारखे कोणी बोललेच नसते तर माझ्यासारख्याला सौम्यपणे विचारण्यापुरतीही जागा मिळाली नसती. पण आपल्याच घरातल्या, आपल्यावर माया असलेल्या माणसाशी बोलताना मी तलवार काढली होती, ही माझी चूक होती.

दुसरी चूक मला त्याहून उशिरा दिसली. आमचे सांगलीचे घर गावभागात, तळमजल्याचे. 2005 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 53 फुटांच्या वर गेली होती आणि आमच्या बाहेरच्या खोलीत पाणी जिथवर चढले, तिथे मी नंतर भिंतीवर तेलरंगाने एक निळी रेघ ओढून ठेवली होती. त्या रेघेच्या दोन फूट वर फळी ठोकून महत्त्वाची कागदपत्रे ठेवली होती. तात्यांची भरलेली वहीही सुरक्षित राहावी म्हणून मीच मागून आणून त्या फळीवर ठेवली होती. 2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धोक्याची 45 फुटांची पातळी ओलांडून पाणी चढतच राहिले, तेव्हा सूनबाई म्हणाली, “बाबा, आपण आजच निघू या.” मी तिला रेघ दाखवली. शंभर वर्षांत एखाद्या वेळी येणारे पाणी आपण पाहिले आहे, याच्या वर ते जात नाही, असे मी सांगितले. तिने शांतपणे विचारले, “हे कशावरून?”

मी चिडलो. “2005 मी या डोळ्यांनी पाहिलंय,” असे म्हणालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या त्या वाक्यात मला तात्यांचा आवाज ऐकू आला. कोयनेतून सुटणारे पाणी कराडला कृष्णेत येते, आमच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, वारणाही फुगलेली असली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही आणि फुगवटा मागे शहरात चढतो, हे सगळे मी वर्गात नकाशा काढून शिकवले होते. तरीही एका पुराची एक ओल पाहून मी नदीला मर्यादा घालून दिली होती. सूनबाईच्या प्रश्नाने आम्ही पहाटे कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडलो. पातळी 57 फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो तेव्हा निळी रेघ चिखलाखाली कुठेतरी होती आणि ओलीची नवी खूण तिच्या वर साडेतीन फुटांवर, फळीच्याही पुष्कळ वर होती. वहीचा लगदा झाला होता. शाई पसरून रकाने एकमेकांत मिसळले होते. एकही नाव वाचता येत नव्हते.

गावी फोन करून तात्यांना हे सांगायचे धाडस मला दोन आठवडे झाले नाही. शेवटी मी प्रत्यक्ष गेलो आणि लगद्याची ती पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. तात्या तेव्हा पंचाऐंशीच्या पुढे होते. त्यांनी पिशवीत हात घालून कागद चाचपला, नातवाला दुकानातून नवी वही आणायला पाठवले आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

“लिव्हून घे,” ते म्हणाले. “आदी गेलेली मानसं घे. जगलेली काय, इचारली की सांगत्यात.”

मी रकाने पाडले. तात्यांनी डोळे मिटले आणि पहिले नाव सांगितले ते 1996 च्या पावसाळ्यातले, त्या शाळकरी मुलाचे. ती नोंद जुन्या वहीत नव्हती. चावल्याची वेळ त्यांनी मध्यरात्र सांगितली, पाला कडू लागला म्हणाले. शेवटच्या रकान्याशी मी थांबलो, तसे त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “हितं लिव्ह, सकाळपत्तोर माझ्याजवळ हुता.”